तीन वेळा, स्वतःच्या हातानं

“पट्टीच्या मागे, भाऊ.”

काकू हे मान वर न करता म्हणायच्या. हातातल्या पेनाचं टोक तेवढं जमिनीकडे वळायचं. काउंटरपासून दोन पावलांवर, फरशीवर पिवळी चिकटपट्टी लावलेली होती. पिस्तूल बायकोला घ्यायचं असेल तर बायको काउंटरपाशी आणि नवरा पट्टीच्या मागे. अमेरिकन नवऱ्यांना त्या ‘सर’ म्हणायच्या, मला ‘भाऊ’. पट्टी मात्र सगळ्यांना तीच.

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिल गावापासून वीसेक मिनिटांवर, टायरच्या दुकानामागे ही शूटिंग रेंज आहे. पुढे दुकान, जाड काचेपलीकडे कागदी लक्ष्यांवर नेम धरायच्या लेन. काकू दर शनिवारी दहा ते दोन काउंटरवर असायच्या. वय सत्तरीला आलेलं, घट्ट अंबाडा, सलवार-कमीजवर रेंजचं निळं जॅकेट, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला कानांवर लावायचे इअरमफ्स. मूळच्या नागपूरच्या. कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल चालवलेली. इथे औषधांच्या लॅबमधली नोकरी संपल्यावर घरी बसवेना, म्हणून हे काम धरलं. काम एकच, जोडप्यांना पिस्तूल निवडायला मदत करायची. रेंजचा मालक म्हणायचा की काकू सुट्टीवर असल्या की पार्किंगमध्ये नवरा-बायकोची भांडणं वाढतात.

ते मला पटतं, कारण माझंच एक भांडण होता होता टळलं.

आम्ही सिटिझन झालो त्या वर्षी वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, जाहीर केलं की आता नेमबाजी शिकायची. इथे लोकांच्या बायका झुंबा करतात, योगा करतात. मी म्हटलं ठीक आहे, आणि तीन रात्री इंटरनेटवर अभ्यास करून गेलो. काचेखालचं एक छोटंसं, देखणं पिस्तूल दाखवून म्हटलं, “हे हिच्यासाठी. हलकं आहे, पर्समध्ये मावेल.”

“तुम्हाला कोणी विचारलं?” काकू म्हणाल्या. मग ते ठरलेलं वाक्य आलं आणि मी पट्टीच्या मागे गेलो.

तिथे डावीकडे एक गृहस्थ आधीच उभे होते. पांढरी मिशी, हाताची घडी, पायात पुण्याहून आणलेल्या वाटाव्यात अशा जाड तळव्याच्या चपला. त्यांनी सरकून मला जागा करून दिली. हे काका, म्हणजे काकूंचे यजमान. मशीन टूल्सच्या डिझाइनमध्ये आयुष्य गेलेलं. काकूंना शनिवारी सोडायला यायचे आणि परत न्यायची वेळ होईपर्यंत तिथेच उभे राहायचे.

“तुम्ही पण पट्टीमागे?” मी विचारलं.

“चौदा वर्षं,” काका म्हणाले.

तिकडे काकू वैशालीला सांगत होत्या की पिस्तूल जितकं हलकं तितकं हातात जास्त उसळतं, नवरे बायकांना हलकं घेऊन देतात आणि बायका पहिल्याच दिवशी मनगट दुखलं म्हणून सोडून देतात. मग त्यांची परीक्षा सुरू झाली. पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग, त्याला स्लाइड म्हणतात, मागे खेचून सोडावा लागतो. आत ताठ स्प्रिंग असते, तीच स्लाइडला पुन्हा पुढे ढकलते. खेचल्याशिवाय पहिली गोळी आत जात नाही. पिस्तूल रिकामं आहे हे काकूंनी स्वतः बघितलं, वैशालीला दाखवलं, आणि म्हणाल्या, “तीन वेळा. स्वतःच्या हातानं. पहिल्यांदा रागानं होते, दुसऱ्यांदा लाजेनं होते. तिसऱ्यांदा झालं तर ते तुझं.”

माझं देखणं पिस्तूल तिसऱ्यांदा झालं नाही. वैशालीनं शेवटी घेतलं ते चांगलं लांबरुंद, काळं, इस्त्रीसारखं जड. त्याच दिवशी तिनं कागदावर दहापैकी आठ गोळ्या वर्तुळात मारल्या. माझ्या दहापैकी दोन शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या कागदावर निघाल्या. तो भला होता. “थँक्स फॉर द हेल्प,” म्हणाला. पुढच्या वेळेपासून काकूंनी मला अगदी भिंतीकडची लेन दिली.

तुम्हीही दुकानात जोडपी पाहिली असतील. सोफा घेताना, टाइल्स निवडताना बायको बोलते आणि नवरा कार्ड काढतो. पिस्तुलाच्या दुकानात नेमकं उलटं होतं, सगळं नवराच बोलतो. एकदा एका दांडग्या माणसानं बायकोच्या वाढदिवसाला गुलाबी पिस्तूल आणलं होतं. तिला स्लाइड एकदाही खेचता येईना. तो दर वेळी पट्टी ओलांडून “हनी, लेट मी” म्हणायचा. तिसऱ्या वेळी काकूंनी पिस्तूल उचललं आणि त्याच्याच हातात दिलं. “सर, हे तुम्हीच ठेवा, रंग छान दिसतो तुम्हाला. ह्यांना केक आणा.” बायको इतकी हसली की त्यालाही हसावं लागलं.

“नवऱ्यानं खेचून द्यायचं आणि बायकोनं चाप ओढायचा, हे काय होय?” काकू मला नंतर म्हणाल्या. “नवरा काय दर वेळी शेजारी असतो? ज्याला खेचता येत नाही, त्याचं ते नाही. वाईट वाटून घ्यायचं नाही, दुसरं बघायचं.”

दुकानात मी ‘तुम्ही’ असलो तरी त्यांच्या घरी ‘तू’ होतो. शनिवारी कधीकधी आम्ही चौघं तिथूनच त्यांच्याकडे जेवायला जायचो. काकूंचा वडाभात, काकांची ताकाची तक्रार. कपाटात त्यांचं स्वतःचं पिस्तूल कुलपात असायचं, अमेरिकेत आल्यावर पाचव्या वर्षी त्यांनी निवडलेलं. काकांनी ते निवडतानाही पट्टीमागूनच पाहिलं होतं, अर्थात तेव्हा पट्टी नव्हती. “हिनं नुसतं बघितलं माझ्याकडे,” काका म्हणायचे. “पट्टी नंतर लावली, बाकीच्यांसाठी.”

मग एका रविवारी काका एकटेच आमच्या गॅरेजपाशी आले आणि खिशातून एक चिठ्ठी काढली. त्यावर एका स्प्रिंगचा नंबर होता.

“तुझ्या नावानं ऑर्डर कर. आमच्याकडची सगळी पार्सलं ती फोडते.”

मी विचारलं, काय आहे. काकूंचे अंगठे दुखत होते, सांध्यांत सूज होती. गेलं वर्षभर स्लाइड खेचताना त्या श्वास धरतात, ते काकांनी पट्टीमागून पाहिलं होतं. जरा मऊ स्प्रिंग घातली की स्लाइड हलकी होईल. काकूंना कळणारही नाही.

“काका, सांगून का नाही घालत?”

“सांगितलं तर ती घालू देईल?”

नाही म्हणायचं तर कारण लागतं, हो म्हणायला लागत नाही, ह्या तत्त्वावर माझा निम्मा संसार झालेला आहे. मी ऑर्डर केली. पार्सल नेमकं माझ्या मुलीनं फोडलं. “बाबा, इज धिस फॉर द टोस्टर?” मी हो म्हटलं. त्यामुळे धडधाकट टोस्टर दोन आठवडे दुरुस्तीला म्हणून कपाटात ठेवावा लागला.

काकांनी स्प्रिंग गुपचूप बसवली. काकूंची स्लाइड सहज खेचली जाऊ लागली, चेहरा सैल झाला. “औषध लागू पडून राहिलं बरं का,” त्या वैशालीला म्हणाल्या. मी काकांकडे पाहिलं, काका छताकडे.

तीन आठवड्यांनी पिस्तूल अडकायला लागलं. स्प्रिंग मऊ, त्यामुळे स्लाइड पुरती पुढे येऊन बंद व्हायची नाही. दर चार-पाच गोळ्यांनंतर काकूंना थांबून ती तळहातानं ढकलावी लागायची. आता गंमत अशी, की मनगट ढिलं पडलं तरी पिस्तूल असंच अडकतं. हे काकू नवशिक्यांना शंभरदा सांगत आलेल्या. पिस्तुलात दोष असेल असं त्यांच्या मनातच आलं नाही. पिस्तूल त्यांनी स्वतः निवडलेलं, ते कसं चुकेल?

त्या शनिवारी दोन वाजता काकूंनी जॅकेट काढलं आणि घडी घालून काउंटरवर ठेवलं.

“मनगट गेलं माझं,” त्या वैशालीला म्हणाल्या. रडक्या सुरात नाही, दही संपलं म्हणावं तसं. “पुढचा शनिवार शेवटचा. मालकाला सांगितलं. ज्या बाईला स्वतःला धरता येत नाही, तिनं लोकांच्या बायकांना काय शिकवायचं?”

घरी येताना मी गाडीत वैशालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे त्या नोकरी सोडतायत एका टोस्टरच्या स्प्रिंगमुळे.”

“टोस्टरची नाही.”

“माहितीये. काकांशी आज बोलतोस की मी बोलू?”

मी गेलो. काका त्यांच्या गॅरेजमध्ये, वस्तू घट्ट धरायच्या व्हाइसला तेल लावत होते. मी म्हटलं, काका, काकू सगळा दोष स्वतःवर घेतायत. त्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली. हा माणूस चाळीस वर्षं यंत्रांचे हिशेब मांडत आलेला, कुठला भाग ढिला केला की भार कुठे जातो ते त्याला झोपेत कळायचं.

“मी पिस्तूल अडकणार हे धरलं होतं,” ते म्हणाले. “अडकलं की साफ करून देईन म्हटलं. ती स्वतःला अडकवेल हे धरलं नव्हतं.”

पुढच्या शनिवारी आम्ही दोघंही लवकर गेलो. म्हणजे वैशाली गेली, मी मागून गेलो. काउंटरवर गिऱ्हाईक नव्हतं. काका नेहमीच्या जागी उभे होते. त्यांनी खिशातून हिंगाची रिकामी डबी काढली, झाकण उघडलं, आणि पट्टीच्या अलीकडूनच, पुढे वाकून, हात लांब करून ती काउंटरच्या कडेवर ठेवली. आत जुनी स्प्रिंग होती.

काकूंनी ती उचलली. बोटांनी दाबून पाहिली. मग स्वतःचं पिस्तूल केसमधून काढलं, रिकामं असल्याचं बघितलं, उघडलं, आतली स्प्रिंग काढून जुनीशेजारी ठेवली. दोन्ही दाबल्या. हिंगाचा वास आमच्यापर्यंत आला.

“कधी?”

“सप्टेंबरात,” काका म्हणाले.

“आणि मागवली कोणी?”

इथे मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी एअरगनच्या छऱ्यांच्या डब्यांवरची किंमत वाचत होतो. वैशालीनं माझ्याकडे बोट दाखवलं.

“तरीच टोस्टर,” काकू म्हणाल्या. म्हणजे तेही त्यांना माहीत होतं.

काकांना वाटलं असणार की आता त्या भडकतील. आम्हालाही तेच वाटलं. काकूंनी फक्त जुनी स्प्रिंग पुढे केली. “बसवून द्या.” काकांनी पट्टीच्या मागे उभं राहूनच बसवली आणि पिस्तूल परत दिलं. काकूंनी ते पुन्हा तपासलं, हात काउंटरवरच्या घडी केलेल्या जॅकेटला पुसले.

पहिल्यांदा स्लाइड झटक्यात मागे आली. रागाची होती, ते सगळ्यांना दिसलं.

दुसऱ्यांदा हळू आली, पण आली. आम्ही तिघं बघत होतो.

तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबली. अंगठा पांढरा पडला. काकांचा उजवा पाय थोडा हलला आणि परत जागेवर आला. काकूंनी स्लाइड सोडून दिली.

“नाही. हे माझं नाही,” त्या म्हणाल्या. दर शनिवारी बायकांना सांगायच्या, त्याच आवाजात. पिस्तूल केसमध्ये ठेवलं, केस बंद केली. मग काचेखालच्या रांगेकडे पाहत म्हणाल्या, “अहो, या इकडे. तुम्ही सांगा, कुठलं?”

काका हलले नाहीत. त्यांना बहुतेक ऐकू आलं नसावं असं वाटलं. वैशालीनं त्यांच्या कोपराला हात लावला, तेव्हा त्यांनी पट्टी ओलांडली. खाली बघून, उंबरा ओलांडावा तशी.

त्यांनी सांगितलं ते पहिलं पिस्तूल काकूंना तिसऱ्यांदा खेचता आलं नाही. पहिल्याच खेपेला नवऱ्याचं बरोबर निघालं असतं तर मलाच वाईट वाटलं असतं. दुसरं, खालच्या कप्प्यातलं, वेगळ्या रचनेचं होतं. बाजूची कळ दाबली की नळीचं मागचं टोक बिजागरीवर वर उघडायचं, पहिली गोळी हातानं आत ठेवायची, बंद करायचं. खेचायचं काही नाही. काकूंनी कळ दाबली. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा दाबताना त्या काकांकडे बघत होत्या.

“मागच्या वर्षीच बघून ठेवलं होतंत ना हे?”

“मागच्या वर्षी तू विचारलं नाहीस.”

काकूंनी जॅकेट घातलं. नोकरी पुढे दीड वर्ष चालली.

आता ते दोघं पश्चिमेकडे, लेकीजवळ राहायला गेलेत. तिकडे हवा कोरडी आहे, सांध्यांना बरी. फोनवर काकू तिथल्या रेंजवाल्यांना नावं ठेवतात. इथे काउंटरवर एक तरुण मुलगी असते. ती नवऱ्यांनाही खुर्ची देते.

मागच्या महिन्यात मालक नवीन पिवळा रोल घेऊन पट्टी बदलायला बसला होता. पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चांगली होती, रंगही गेला नव्हता. फक्त डावीकडे एका जागी, दोन चपलांच्या टोकांएवढी झिजून खालची फरशी दिसत होती. मालकानं तेवढा तुकडा सोडून बाकीची नवी लावली.

वैशाली काउंटरपाशी होती. मी जाऊन डावीकडे उभा राहिलो.