डाव्या हाताचा पाव

त्या उन्हाळ्यात अख्ख्या गावात ओली अशी एकच जागा होती. टँकर जिथे उभा राहायचा तिथे त्याच्या नळीतून पाणी गळून हातभर चिखल झाला होता. मी नेमकी त्याच्यावर घसरले. हंड्यांच्या रांगेला शिस्त लागावी म्हणून मी जमिनीवर खडूनं आकडे घातले होते. "सात नंबर, मागं सरका" असं ओरडत मीच मागं सरकले आणि सात नंबरच्या हंड्यावरून आडवी झाले. उजवं मनगट मोडलं. दवाखान्यात कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि दीड महिना हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं.

मी आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची सचिव. नेमून दिलेली कामं करायला मला आवडतं आणि दुसऱ्यांना कामं नेमून द्यायला त्याहून जास्त. पण दुष्काळानं संस्थेचं काम थोडकं झालं होतं. सगळ्या गावाचं दूध एका कॅनमध्ये मावायचं. जनावरं धारूरच्या घाटाखाली चारा छावणीत होती, आणि बैल, म्हैस घेऊन माझा नवराही तिथेच मुक्कामाला होता. छावणीही एका सहकारी संस्थेनंच लावलेली. माणसांना टँकर, जनावरांना छावणी, आणि दोन्हीकडे रांग. माझ्यासारखीला हे दिवस खरं तर मानवायला हवे होते.

घरी मी, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंचे गुडघे गेलेले. त्यांना चुलीपुढं बसवत नाही आणि गॅसपुढं उभं राहवत नाही. सासऱ्यांना दोन वेळा भाकरी लागते. भात म्हणजे त्यांच्या लेखी आजाऱ्याचं खाणं. पहिले चार दिवस शेजारून भाकरी आल्या. पण पाण्याचे असे हाल असताना दुसऱ्याच्या हंड्यातल्या पाण्यानं मळलेली भाकरी रोज खाणं मला जड जाऊ लागलं. सासूबाईंनाही ते आवडत नव्हतं, पण त्यांच्याकडे उपाय तयार होता.

"धाकटीला बोलवून घ्या," त्या म्हणाल्या.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. दीर पुण्याकडं कंपनीत कामाला, आणि ती बीडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, होस्टेलवर.

"आत्याबाई, तिचं शेवटचं वर्ष आहे. आता वॉर्डातली ड्युटी बुडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. वर्ष जाईल."

"जाऊं दे की. पुढच्या सालाला दुसरं वर्ष येतंच."

वर्षं येतात, हे खरं. माझंही डी.एड.चं दुसरं वर्ष येणार होतं. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून मी आठ दिवसांची सुट्टी टाकून आले होते. सासऱ्यांना आता दोन्ही डोळ्यांनी उत्तम दिसतं, आणि माझी सुट्टी अजून चालू आहे. म्हणून धाकटीचा फॉर्म मीच भरला होता, होस्टेलवर सोडायलाही मीच गेले होते. ती भाकरीसाठी एकदा घरी आली की परत जाणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"तिला नका बोलवू. मी करते काहीतरी," मी म्हणाले.

"काय करतीस? एका हातानं?"

"बघते."

मी सहसा आधी योजना करते आणि मग तोंड उघडते. त्या दिवशी क्रम चुकला.

योजना दुपारी मोबाईलवर सापडली. एका व्हिडिओत एक बाई पाव करत होती. मळायचं नाही, थापायचं नाही. पीठ, मीठ, चिमूटभर यीस्ट आणि पाणी चमच्यानं कालवायचं, झाकून रात्रभर ठेवायचं, सकाळी तापलेल्या झाकणाच्या भांड्यात ओतून भाजायचं. तिचा एक हात सगळा वेळ कमरेवर होता! ही बाई माझ्याशीच बोलतेय असं मला वाटलं. चार जिन्नस आणि चार कृती. इतकी आटोपशीर यादी मी जन्मात पाहिली नव्हती. मी ती डाव्या हातानं कागदावर उतरवून स्वयंपाकघरात चिकटवली. ती मलाही वाचता येत नव्हती, पण चिकटवल्यावर बरं वाटलं.

यीस्ट धारूरच्या बाजारातून मागवलं. निम्मा मैदा, निम्मं गव्हाचं पीठ घेतलं. डाव्या हातानं उलथन्याच्या दांड्यानं ढवळलं, भगुनं झाकलं, आणि समाधानानं झोपले. सकाळी झाकण काढलं तर पीठ रात्री जिथे होतं तिथेच होतं. एक बुडबुडा नाही. तरी मी भाजलं, कारण यादीत पुढची ओळ भाजायची होती. बिडाची कढई चुलीवर तापवली, पीठ ओतलं, आणि रोडगे भाजताना ठेवतात तसे निखारे झाकणावर ठेवले. जे निघालं ते मी ताटात ठेवलं तेव्हा ताट वाजलं.

सासूबाईंनी बोटानं दाबून पाहिलं. "हे खायाचं हाय, का दाराला लावायचं?"

सासऱ्यांनी एक तुकडा चहात बुडवला. चहा संपला, तुकडा राहिला. त्यांनी तो पुसून परत ताटात ठेवला.

दुसऱ्या खेपेला मी यीस्ट दुप्पट घातलं. वीट दुप्पट जड झाली नाही, एवढंच. मी दुकानदाराला दोष दिला, पिठाच्या गिरणीला दिला, हवेला दिला. आमच्या संस्थेत दूध नासलं तर आधी कॅन धुणाऱ्याला विचारायचं असा माझाच नियम आहे. इथे कॅन धुणारी मीच होते, त्यामुळे तो नियम मला सुचला नाही.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला.

"ताई, आत्याबाईंचा फोन आलता. ये म्हणत्यात. काय करू?"

"तिथंच थांब. पाव जमला की प्रश्न मिटला."

"जमला का?"

"अजून नाही. फुगतच नाही गं."

"पाणी कुठलं घालता?"

"टँकरचं. चांगलं औषध टाकून. मी असं तसं पाणी वापरते का?"

"औषध पंचायतवाले टाकतात ना?"

"ते टाकतात टीसीएल पावडर. त्यांचा काय भरवसा? घरी आल्यावर मी पुन्हा प्रत्येक हंड्यात क्लोरीनचे थेंब टाकते. सध्या डाव्या हातानं टाकतेय, त्यामुळे थेंबाची जरा धार होते. पण कमी पडण्यापेक्षा बरं."

फोनवर काही ऐकू येईना. मग कळलं, ती हसत होती.

"ताई, आमाला पहिल्याच वर्षी शिकिवलं की. क्लोरीन टाकायचं ते पाण्यात जे जे जित्तं हाय ते मारायला."

"मग?"

"मग यीस्ट जित्तं असतंय! तुमी त्याला रोज रात्री औषधाच्या पाण्यात न्हाऊ घालून मारायलाव."

गावात जुलाबाची साथ आली नाही याचं श्रेय मी ग्रामसभेत घेतलं होतं, आणि त्याच हातानं पावाची दोन भगुनी ठार केली होती. तिनं सांगितलं तसं पाणी उकळून पसरट परातीत उघडं ठेवलं. औषधाचा वास पूर्ण गेला तेव्हा वापरलं.

सकाळी सासूबाईंच्या हाकेनं जाग आली. "अगं ऊठ! तुझं पीठ बाहीर आलंय!"

झाकण बाजूला पडलं होतं आणि पीठ ओट्यावरून खाली निघालं होतं. व्हिडिओतल्या बाईचं 'रात्रभर' थंड मुलखातलं असावं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात चार तासांत काम होतं. राहिलेलं पीठ खरवडून भाजलं. वरून लाल, आतून जाळीदार आणि मऊ असा खरोखरचा पाव निघाला. मी त्याचा फोटो काढून धाकटीला पाठवला, दूध संस्थेच्या ग्रुपवर टाकला, आणि चुकून तहसीलच्या टँकरवाल्या ग्रुपवरही. तिथून एकानं हात जोडले.

पिठल्याबरोबर पाव वाढला. सासऱ्यांनी सगळा खाल्ला. "बरं हाय. मऊ हाय," म्हणाले. मी खूश. पण ते पाटावरून उठेनात.

"मामा, काही हवंय का?"

"जेवायचं कधी?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंही नाही, नुसते दाराकडं बघत बसले. पावानं पोट भरतं, पण जेवण झालं असं वाटत नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि तिच्यावर माझ्या कुठल्याच कागदात उत्तर नव्हतं.

सासूबाईंनी निकाल दिला. "लई झालं. मी धाकटीला सांगितलंय. आईतवारच्या गाडीनं ये म्हणून."

मी एक पाव फडक्यात बांधला आणि दूध नेणाऱ्या टेम्पोत बसून छावणीवर गेले. नवऱ्याला आईशी बोलायला सांगायचं, एवढंच मनात होतं. तो माझ्या बाजूनं बोलेल याची खात्री नव्हती. माझं डी.एड. सुटलं तेव्हा मला बीडहून आणायला तोच आला होता.

हिरव्या जाळीखाली जनावरांच्या रांगा, पलीकडे बाजा, आणि बाजांच्या मागं तीन दगडांची चूल. चुलीपुढं माझा नवरा उकिडवा बसून भाकरी थापत होता.

मी जागीच थांबले. परातीत भाकरी गरगर फिरत होती, कडेला एक चीर नव्हती. त्यानं ती अलगद तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग निखाऱ्याला लावली. टम्म फुगली. माझ्या भाकरीपेक्षा गोल होती, हे मी लगेच पाहिलं आणि मला ते आवडलं नाही.

"या वहिनी!" बाजेवरचा एक जण म्हणाला. "आमचे आचारी बघा. ह्यांच्या भाकरीला नंबर लागतो हितं."

नवऱ्यानं मान वर केली. कोपरापर्यंत पीठ. "तू कावून आलीस?"

"हे कधीपासून?"

"छावणी लागल्यापासून. घरून आणल्या तर दुपारपत्तूर कडक होत्यात."

"मला का नाही सांगितलं?"

तो तव्याकडं बघत म्हणाला, "सांगितलं असतं तर तू यादीत टाकलं असतंस."

बाजेवरचे सगळे हसले. मीही हसले, कारण खरंच होतं. टाकलं असतं आणि पुढे वारही लिहिले असते.

मग मी धाकटीचं सांगितलं. आईतवारची गाडी, ड्युटी, परीक्षा. तो ऐकत राहिला. एक भाकरी उलटायची राहून गेली आणि करपली. ती त्यानं काढून बाजूला ठेवली.

"तिला आणायला मी जाणार न्हाई," तो म्हणाला. "एकदा गेलतो."

मग त्यानं हात झटकले. "सकाळची धार झाली की येतो मोटारसायकलवर. तिघांच्या भाकरी टाकतो, परत येतो. एकाच वेळच्या जमतील. रातच्याचं तू बघ."

"रात्री पाव. पिठल्याबरोबर."

"आन दार लावून घ्यायचं. गल्लीला दिसलं न्हाई पायजे."

"इथं अख्खी छावणी बघतेय की!"

"हितं बायका न्हाईत."

तोवर छावणीनं फडक्यातला पाव चहाबरोबर संपवला होता. उद्या दोन आणा, असं मला सांगण्यात आलं.

पहिल्या सकाळी त्यानं परात ओढली तेव्हा सासूबाई भिंतीला धरून उठल्या. "बाप्या माणसानं पीठ मळायचं? मी अजून जित्ती हाय!" असं म्हणाल्या आणि खिडकीही लावून घेतली. अंधारात त्याला तवा दिसेना, म्हणून दिवा लावावा लागला. भर सकाळी दिवा लावून, दार बंद करून, आमच्या घरात जणू काही चोरीचं काम चालू होतं. सासूबाई बाजेवरून नजर ठेवून होत्या. "पाणी जास्त झालं," म्हणाल्या. मग, "आता फिरव." मग उशीला टेकल्या.

सासऱ्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, ढेकर दिली, आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आज भाकर चांगली झाली, बाई."

माझा प्लास्टरचा हात त्यांच्या समोरच होता. मी म्हणाले, "हो मामा."

रात्री पाव वाढला. जेवायचं कधी, असं त्यांनी विचारलं नाही. एक वेळ भाकरी झाली की दुसऱ्या वेळेचा पाव त्यांना चालत होता. हे मला आठवडाभर आधी कळलं असतं तर मी तक्ता केला असता.

शनिवारी दुपारी धाकटीचा फोन आला, या वेळी सासूबाईंना. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा होता.

"आत्याबाई, बॅग भरलीय. उद्याच्या पहिल्या गाडीनं निघते."

सासूबाईंनी परातीकडं पाहिलं, मग लावलेल्या खिडकीकडं. "नगं येऊस," त्या म्हणाल्या.

"आं? मग भाकरीचं कसं?"

"होत्यात."

"कोण करतंय?"

"होत्यात म्हणलं ना! तुला काय करायचंय? तू तुझी डिवटी कर." फोन कुठं बंद करायचा ते त्यांना सापडेना. त्यांनी तो माझ्या डाव्या हातात कोंबला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"ताई? ताई, कोण करतंय भाकरी?"

भिंतीकडं तोंड करूनही सासूबाईंचा कान माझ्याकडंच होता.

"होतायत म्हणाल्या ना त्या," मी म्हणाले. "बॅग मोकळी कर."