हळू आवाज ऐकणारे आप्पा

काशिनाथ आप्पा बिराजदार यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंतीला गोधड्या ठोकत होते. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. माझे वडील बिलोलीहून बदली होऊन नव्या कचेरीत कारकून म्हणून आले होते आणि आम्ही भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. शेजारच्या गल्लीत आप्पांनी गाण्याच्या कॅसेटसाठी स्टुडिओ काढला होता. स्टुडिओ म्हणजे त्यांच्याच घरातली मागची खोली. महिला मंडळाला पाळण्यांची कॅसेट काढायची होती, आणि दुसरी कोणी रिकामी नव्हती म्हणून मंडळाने मला पाठवलं होतं. तोंडातले खिळे न काढताच आप्पा म्हणाले, "गाणारी तूच का? बस. येवढी भिंत होऊ दे."

आप्पांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख हवा, असा सत्कार समितीचा फोन आला तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. नोकरीतून सुटल्यापासून गौरवलेख लिहिणं हाच माझा धंदा होऊन बसला आहे. ऋषितुल्य, अजातशत्रू, दीपस्तंभ या शब्दांचा आता वीट आला आहे. आप्पा त्यातले काहीच नाहीत. त्यांनी अर्ध्या लातूरशी भांडणं केली आहेत. तरी हा लेख लिहायला बसले, कारण आपल्या सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. गेल्या वर्षापासून आप्पांना ऐकू कमी येतं. मोठ्याने बोललेलं येतं, हळू बोललेलं येत नाही. त्यांच्या बाबतीत हे मनाला का लागतं, ते कळण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आमच्याकडे तेव्हा गाणं म्हणजे भोंगा. माईक हातात आला की आधी दोन टिचक्या मारायच्या, मग फू फू करायचं, आणि मग ओठ टेकवून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं गायचं. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या स्टेजवर मी हेच बघत वाढले होते, म्हणून तिथेही तेच केलं. आप्पा ओरडले, "अगं, खाशील त्येला! एक वीत लांब बस." वीतभर लांब बसले तर माझा आवाज टेपवर येईना. यंत्राची कळ फिरवून वाढवला, तर त्याच्या मागे सूं सूं येऊ लागलं. तो स्टेजचा दणकट माईक होता, त्याला हळू आवाजाची सवयच नव्हती.

पेटीवाले विठ्ठलराव वैतागले. "पोरीला आवाजच न्हाई आप्पा. जरा वरच्या पट्टीत ओरडू द्या, न्हाईतर दुसरी बगा." हे मी शाळेपासून ऐकत आले होते. मी चप्पल शोधू लागले.

"माईक बदलता येतो की, विठ्ठलराव," आप्पा म्हणाले. "पोरीचा गळा कशाला बदलायचा?"

बोलून ते थांबले नाहीत. हैदराबादला जाऊन, पसंत पडला तर ठेवून घेतो या बोलीवर, ते दोन नाजूक माईक घेऊन आले. पहिला दणकट धरून तीन माईक त्यांनी ओळीने मांडले आणि एकच ओळ प्रत्येकासमोर माझ्याकडून म्हणून घेतली. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, भरतकामाच्या रिंगमध्ये मलमल ताणून ती माझ्या तोंडासमोर धरली, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना श्वासाचा फटका बसू नये. मी ऐकून लगेच दुसरा माईक पसंत केला. त्यात माझा आवाज कसा लखलखीत येत होता! आप्पा म्हणाले, "त्यात तू लई भारी वाटायलीस. पर ती तू न्हाईस." आणि त्या दिवशी त्यांनी काहीच ठरवलं नाही. थकल्या कानाने निवड करायची नाही, हा त्यांचा नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकलं आणि तिसरा ठेवला. त्यात 'स' टोचत नव्हता, आणि ओळीच्या शेवटी माझा आवाज विरून जायचा तोही शेवटपर्यंत ऐकू येत होता. आपल्या आवाजाला शेवट आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पण नाजूक माईकची खोड अशी, की त्याला सगळंच ऐकू येतं. ते दुष्काळाचं वर्ष होतं. पंखा बंद, दार बंद, भिंतीला गोधड्या, आणि आम्ही घामाने निथळत बसलेलो. पाळणा सुरू झाला आणि गल्लीत टँकर आला. घागरी आदळल्या, बाया भांडू लागल्या, आणि टेपवर ते सगळं माझ्यापेक्षा स्पष्ट आलं. विठ्ठलराव उठले. "जाऊन गप करतो त्यांना."

"बसा खाली," आप्पा म्हणाले. "ह्या दिवसांत पाणी भरणाऱ्या बाईला गप बस म्हणून सांगायचं? माझ्यानं व्हायचं न्हाई." त्यांनी यंत्र बंद केलं, घागर घेतली आणि रांगेत जाऊन उभे राहिले. विठ्ठलरावांच्या हातातही एक कळशी दिली. ते कुरकुरत गेले, मीही गेले.

परत आलो तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. काकूंनी माठातलं पाणी त्यांच्या रोजच्या तांब्यात भरून माझ्या हातात दिलं. नंतरही त्यांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. माझं आडनाव ऐकून तेव्हा कितीतरी घरं पाणी वरून ओंजळीत ओतत, हे ज्यांच्या लक्षात असेल, त्यांना मी हे का लिहिते आहे ते सांगायला नको. मग मी गायला बसले. आवाज चढवायचं त्राणच नव्हतं, जेवढा होता तेवढाच लागला. आप्पांनी 'पुन्हा म्हण' असं म्हटलं नाही. त्या कॅसेटच्या जोरावर मला पुढे नांदेडच्या एका शाळेत संगीत शिक्षिकेची नोकरी मिळाली, आणि तिच्यावर माझं घर उभं राहिलं.

मागच्या महिन्यात कानाचं मशीन घ्यायला आप्पांना मी नांदेडला आणलं. दुकानदार भला माणूस, पण कानाशी येऊन ओरडला, "आजोबा, येतंय का ऐकू?" आप्पा म्हणाले, "ओरडू नगा. तसं तर मला मशीन न लावताबी येतं." मग माझ्याकडे वळले. "सुजाता, कायबी म्हण. हळू." साठी उलटलेली मी त्या गिऱ्हाइकांसमोर शाळेची प्रार्थना पुटपुटू लागले. पहिल्या मशीनला आप्पांनी मान हलवली. दुसऱ्यालाही. "रस्ता ऐकू यायलाय," म्हणाले, "तू न्हाईस."

तिसरं लावल्यावर ते डोळे मिटून बसले. प्रार्थना संपली तरी डोळे उघडेनात. मला वाटलं, हेही गेलं.

"थकलीस गं तू," आप्पा म्हणाले. "कवापासून?"

माझे पती गेली काही वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. फोनवर मुलं विचारतात, शेजारी विचारतात, मी सगळ्यांना मजेत आहे म्हणून सांगते. सगळे ते ऐकून घेतात. मी दुकानात सगळ्यांसमोर रडले, आणि दुकानदाराने मला खुर्ची दिली.

मंडळी, सत्काराला याल तेव्हा आप्पांशी ओरडून बोलू नका. समोर बसून हळू बोला, त्यांना आता ऐकू येतं. त्यांना निरोगी आयुष्य लाभो आणि ते लांबच लांब असो, असं मी मनापासून म्हणते, आणि त्यात माझा स्वार्थ आहे. 'बरं आहे' हे मोठ्याने सांगायला माणसं पुष्कळ मिळतात. बरं नाही, हे कधीतरी तुम्हालाही हळूच सांगावंसं वाटेल. तेव्हा आप्पा असोत.