मामाची जागा

लग्नाच्या फोटोग्राफरला मंडपात स्वतःची अशी जागा नसते. तो कधी भटजींच्या खांद्यावरून डोकावतो, कधी खुर्चीवर चढतो, कधी वरमाईलाच ‘जरा सरका’ म्हणतो. नेवासा फाट्यावर माझा छोटा स्टुडिओ आहे आणि पंचवीसेक वर्षं मी हेच करत आलोय. अंतरपाट खाली येताना नवरीचा चेहरा टिपावा तर मीच, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो.

माझी धाकटी बहीण पारनेरकडं दिलेली. तिच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती तिथी सांगायला घरी आली. मी लगेच म्हणालो, “अल्बम माझ्याकडून. ड्रोनसुद्धा लावतो.” तिनं चहाची बशी खाली ठेवली.

“दादा, माझ्या लग्नाचा अल्बम बघितलास का कधी?”

“मीच काढला की.”

“त्यात आचारी हाय, बँडवाला हाय, वऱ्हाडाच्या टेम्पोचा डायवर दोनदा हाय. माझा भाऊ एकदा बी न्हाई. पोरीच्या टायमाला मला फोटोवाला नगं, मामा पायजे.”

बोलता बोलता तिचे डोळे भरले. इतकी वर्षं हे तिच्या मनात होतं आणि मी तो अल्बम आपली कर्तबगारी म्हणून मिरवत होतो.

आमच्याकडं नवरीला हाताला धरून मंडपात आणायचं ते मामानं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही त्यानंच. मी कबूल झालो. पण फोटो कोण काढणार? तिथी दाट, ओळखीचे सगळे फोटोग्राफर आधीच ठरलेले. दोघं मोकळे होते. त्यातला एक लोकांचे पाय कापतो आणि दुसरा सगळ्यांची तोंडं पिठात बुडवल्यासारखी पांढरी करतो. दोघांनाही मी नाही म्हणून टाकलं.

बायको कॉम्प्युटरवर कुणाचा तरी अल्बम लावत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “मी काढते.”

मी हसलो. हसायला नको होतं.

“लग्नं तुमी काढता, पन बघते मी,” ती म्हणाली. “मिटलेले डोळे, वाकडे मंडप, सगळं माझ्या हाताखालून जातं. काय काय झाकलंय ते सांगू का समद्यांना?”

मी कॅमेरा आणून तिच्या हातात दिला. पुढं महिनाभर तिला शिकवलं. तिनं अंगणातल्या कोंबड्या काढल्या, शेजारची हळद काढली. फोटो चांगले येत होते. ते तोंडानं कबूल करायला मला जड गेलं, एवढंच.

लग्नाच्या दिवशी मी फेटा बांधला, तिनं पदर खोचून गळ्यात कॅमेरा अडकवला. लाऊडस्पीकरवर पुकारा झाला, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मंडपात यावं.” मी भाचीला घेऊन आलो, तिच्या मागं उभा राहिलो. इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि माझं लक्ष उजेडाकडं गेलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मांडवाच्या कडेनं ऊन थेट नवऱ्यामुलावर येत होतं आणि आमची बाई नको तिथं उभी! मी भुवया उडवल्या. ती बघेना. बोटं हलवली, तरी बघेना. मग भाचीच्या डोक्यावरून अख्खा हात वर करून ‘डावीकडं, डावीकडं’ अशा खुणा चालू केल्या. पाहुण्यांना वाटलं, मामा रामराम करताहेत. दोघातिघांनी उलट रामराम घातला. आज त्या अल्बममध्ये मी पानोपानी आहे आणि निम्म्या फोटोंत माझा हात वर आहे.

तेवढ्यात भाचीनं हार एका हातात घेतला, मागं न वळताच दुसऱ्या हातानं माझा हात पकडला आणि खाली ओढला.

“मामा, हात खाली घे. मामी काढती बरोबर.”

मला वाटलं, आता सोडेल. तिनं सोडला नाही. बोलली चेष्टेत, पण भर उन्हाळ्यात तिचा तळवा गार पडला होता आणि बांगड्या बारीक वाजत होत्या. बायकोनं काढलेल्या फोटोंत त्या वेळी ती छान हसतेय. एवढ्या नवऱ्या मी समोरून काढल्या, सगळ्या अशाच हसत होत्या आणि मी खुशाल त्यांना अजून हसा म्हणत होतो. त्यांच्या मागं उभं राहायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मला भडभडून आलं. उजेड, कॅमेरा, सगळं डोक्यातून गेलं.

“हाय मी,” मी तिच्या कानाशी म्हणालो. “हितंच हाय.”

तिनं नुसती मान हलवली.

शेवटचं ‘सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, बँड सुरू झाला. तिचा चेहरा कसा दिसत होता, मला माहीत नाही. माझ्यासमोर तिची घामेजलेली मान होती आणि मुंडावळ्यांची गाठ. आता तिला हार घालायचा होता आणि त्याला दोन्ही हात लागतात. मी तिचा हात हळूच सोडला.