पोळ्याची कणीक

माझ्या सासऱ्यांना घोड्यांचं वेड होतं, हे लग्न ठरवताना मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा तारापूरला नोकरीला, घरची भातशेती, गवताचं माळरान, एवढंच कळलं होतं. मी नगरकडच्या कोरड्या मुलखातली. सत्त्याहत्तर साली वाणगावजवळच्या त्या गावात आले आणि बघते तर काय, बैलांचा गोठा गळका आणि शेजारी नव्या कौलांखाली एक तांबडी घोडी ऐटीत उभी! पहिल्याच आठवड्यात मी सासूबाईंना म्हटलं, "सून कशाला आणलीत? दुसरी घोडीच आणायची होती." त्या हसत सुटल्या. म्हणाल्या, "अगं बाय, मी आली तवा पण एक होतीच."

खरंच होतं ते. मामंजी बारा वर्षांचे असल्यापासून त्यांच्या दारात घोडं नाही असं कधी झालंच नव्हतं. एक म्हातारं झालं की दुसरं यायचं. भाताच्या चिखलात घोड्याचा काडीचा उपयोग नाही, त्यामुळे गाव हसायचं. हे आपले घोडीवर बसून बांधावर जायचे, पालघरच्या बाजाराला जायचे, माहीमला नातलगांकडे जायचे. कोणी छेडलं की ठरलेलं उत्तर, "बैल पोटासाठी, घोडं जिवासाठी."

घोडीला खायला घालायचं ते फक्त त्यांनीच. हरभरा भिजवून मुठीनं मोजून, कोंडा चाळून, गवत झटकून. दुसऱ्या कोणी पेंढी टाकली तर घर डोक्यावर घ्यायचे. मला याचा भारी राग यायचा. मी काही शहरातली बाहुली नव्हते. चार बैल, दोन म्हशी सांभाळून आलेली मुलगी मी. जनावराचं मला हे काय शिकवणार?

लग्नानंतरचा दुसरा श्रावण. इकडे बैलांचं कौतुक दिवाळीच्या पाडव्याला, पण माझ्या माहेरी पोळा म्हणजे दसऱ्याहून मोठा सण. मी हट्टच धरला. मामंजी म्हणाले, "कर बाय, हौस हाय तर कर." बैल धुतले, शिंगं रंगवली, पुरण शिजवलं. परात भरून कणीक मळली. आमच्याकडे बैलाला पोळीबरोबर गूळ घातलेले कणकेचे गोळेही देतात. मामंजी सकाळी बोईसरला निघाले होते. घोडीवर बसता बसता मला म्हणाले, "बैलांना काय ते घाल. हिला मात्र काय देऊ नको. हिचं पोट वेगळं हाय." ते साधंच बोलले होते. मला ते टोचलं.

दुपारी ते घाईनं परतले. सुनेचा पहिला पोळा, जेवायला उशीर नको, म्हणून घोडी पळवत आणली होती. जेवले, पुरणपोळीचं तोंडभर कौतुक केलं आणि आडवे झाले. मी परात घेऊन गोठ्यात गेले. बैलांचं झालं, तरी अर्धी परात कणीक उरली. घोडी मान लांब करून माझ्याकडे बघत होती. दारचं जनावर सणाला तसंच ठेवायचं? आमच्याकडे असलं कोणी ऐकलंसुद्धा नव्हतं. आणि खरं सांगते, मनात हेही होतं, की बघू तरी, आलेत मोठे घोडेवाले! बैलाला पचतं ते हिला पचणार नाही होय?

गोळे करकरून मी तिला सगळी कणीक चारली. तिनं माझा तळहात चाटून साफ केला. मला काय आनंद झाला होता! वाटलं, आता ही माझी झाली.

बैल रवंथ करतो, घोडं करत नाही. पोटात गेलेलं घोड्याला ओकूनही टाकता येत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणून तर त्यांनी सांगितलं होतं.

चारच्या सुमाराला घोडी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायला लागली. मग पाय आपटणं, बसणं, उठणं, लोळणं. मामंजी तिला धरून अंगणात फेऱ्या मारत राहिले. माझे मिस्टर सायकलवरून जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले, तेव्हा दिवेलागण झाली होती. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "खाण्यात काही वेगळं आलं का?"

मामंजींनी वळून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. "कोणी काय घातलं का हिला?"

"नाही," मी म्हटलं. कोणी तोंड उघडायच्या आत म्हटलं.

मग मामंजीच डॉक्टरांना म्हणाले, "घामात होती. तशीच ओहोळावर पाणी पाजलं मी. घाईत होतो." डॉक्टरांनी तेच धरून औषध दिलं. मी दाराआड उभी होते. चार शब्द बोलायचे होते फक्त. कणीक घातली मी तिला. कदाचित ती वाचली असती, कदाचित नसतीही. पण मी मूग गिळून बसले. उजाडता उजाडता घोडी गेली.

माळाच्या कडेला आंब्याखाली तिला पुरलं. लोक म्हणाले, आता दुसरी आणा. मामंजी 'नको' म्हणायचे. खोगीर ओटीवर टांगलेलं राहिलं. दर दसऱ्याला ते त्याला तेल लावायचे, झेंडूचं फूल ठेवायचे, आणि मी आत पोळ्या लाटत बसायचे. आज सांगू, उद्या सांगू, असं करत माझी दोन बाळंतपणं झाली, सासूबाई गेल्या, बैलही विकले. पोळा मी पुन्हा केला नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, इकडे रीत नाही.

तेरा वर्षं गेली. शेजारच्या लग्नात नवरदेवासाठी बोईसरहून भाड्याची घोडी आणली होती. मामंजी सत्तरीला आलेले. ते मांडवात बसलेच नाहीत, त्या घोडीपाशीच उभे. तिचा पट्टा सैल केला, मान खाजवली. घोडीवाला म्हणाला, "बाबा, रिक्षा घ्यायचा विचार हाय माझा. हिला तुमीच ठेवा. तुमच्याकडं सुखात राहील."

मामंजींनी पटकन हात मागे घेतला. "नको रे बाबा. माझ्या हातानं एक मेली हाय."

ते ऐकलं आणि मला मांडवात उभं राहवेना. मी त्यांच्या मागोमाग घरी आले. ओटीवर खोगिराखाली बसले होते. मी पायाशी बसून सगळं सांगितलं. परात, कणीक, डॉक्टरांसमोरचं ते 'नाही'. वाटलं होतं, शिव्या देतील, नाहीतर म्हणतील, जाऊ दे पोरी. दोन्हीतलं काहीच झालं नाही. ते आपल्या हातांकडे बघत होते.

"जनावर मरतं," म्हणाले. "तू तवाच सांगितलं असतं, तर ओरडलो असतो आणि पुढच्या साली दुसरी आणली असती. मी तेरा वरसं ह्या हातांना घोड्यापासून लांब ठेवलं." मग हात माझ्यापुढे धरले. "आता लगाम धरवेल काय ह्यांना?"

मी एका घोडीचीच रड रडत होते. त्यांनी किती घोडी पाळली असती, ते मी कधी मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोगीर उतरवलं आणि माझ्या हातात दिलं. "चल." आम्ही एसटीनं बोईसरला गेलो. खोगीर माझ्या मांडीवर. घोडीवाल्याच्या दारात ते म्हणाले, "दे त्याला." मी दिलं. तो नको नको म्हणत होता, पण मामंजींनी ऐकलं नाही. रिक्षा आली तरी घोडी काढू नको म्हणाले आणि त्याला सगळं समजावून सांगत बसले. हरभरा किती, कोंडा कसा, घामात असली तर आधी फिरवायची, मग पाणी पाजायचं. निघताना पुन्हा मागे वळले.

"आणि एक," माझ्याकडे न बघता म्हणाले, "सणासुदीला घरातलं कोण मायेनं काय घालील, तर घालू देऊ नको. आणि चुकून घातलं, तर त्याच्यावर ओरडू नको. नायतर ते माणूस सांगणार नाय."