अकरा वर्षं भावी उपजिल्हाधिकारी असलेला सोमनाथ जपानी पुस्तकं वाचतो, पण हे करमाडला सांगू नका

एवढं लांबलचक शीर्षक मी हौसेनं दिलेलं नाही. सोमनाथ वाचतो त्या पुस्तकांची नावं अशीच असतात. नाव वाचून होईपर्यंत अर्धी गोष्ट कळलेली असते. एम.ए.ला आम्हाला मराठी शिकवणाऱ्या सरांना ही पुस्तकं फार सोयीची पडली असती, कारण ते मुखपृष्ठाच्या पुढं सहसा जात नसत आणि तरी दोन तास बोलत.

मी सुलेखा. शहरात खडकेश्वर भागात एका अभ्यासिकेच्या खाली माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वर साठ खुर्च्या, साठ पाण्याच्या बाटल्या आणि साठ भावी साहेब. स्पर्धा परीक्षेच्या दोन पूर्वपरीक्षा मीही दिल्या, दोन्ही वेळा आपटले आणि मुकाट्यानं जिना उतरून खाली मशीन टाकलं. सोमनाथला उतरणं जमलं नाही. तो वरच राहिला, अभ्यासिकेचा व्यवस्थापक म्हणून. हजेरी घेतो, पंखे बंद करतो, कुणी घोरायला लागलं तर उठवतो.

त्याच्या गावाच्या, करमाडच्या लेखी मात्र तो अजून अभ्यासच करत होता. त्याचे वडील सोनाजी मेंढरं राखतात. सत्तरी उलटली, गुडघे बोलायला लागले, पण "पोरगं लागलं की मेंढरं इकून टाकतो," हे त्यांचं अकरा वर्षांपासूनचं पालुपद. गावात दहावीच्या मुलांचा गुणगौरव असला की फ्लेक्सवर सोमनाथचा फोटो हटकून असायचा, आणि खाली 'भावी उपजिल्हाधिकारी'. आमच्याकडं भावी हे एक पदच आहे. त्याला परीक्षा लागत नाही, निवडणूक लागत नाही आणि त्यातून निवृत्तीही नाही. सरकारही दयाळू. सोमनाथसाठी वयाची अट त्रेचाळीस, आणि तो छत्तीसचा. म्हणजे अजून सात वर्षं त्याला कुणी 'बस झालं' म्हणणार नव्हतं. खरी गोष्ट अशी होती की चार वर्षांपूर्वीच त्यानं फॉर्म भरणं सोडलं होतं. हे एकट्या मला ठाऊक होतं, कारण फॉर्मची प्रिंट काढायला तो माझ्याकडंच यायचा आणि तो यायचा थांबला.

त्या पुस्तकांचं बिंगही माझ्याच दुकानात फुटलं. राज्यघटनेचं जाडजूड गाईड त्यानं माझ्या काउंटरवर ठेवलं आणि त्याच्या पोटातून एक चिमुकलं पुस्तक खाली पडलं. शर्टाच्या खिशात मावेल एवढं. वर बशीएवढ्या डोळ्यांची एक मुलगी आणि तिच्या हातात तिच्याहून लांब तलवार. नाव होतं, 'कंपनीनं कामावरून काढलेला मी दुसऱ्या जगात राजवाड्याचा पहारेकरी झालो, पण मला फक्त दुपारची झोप पाहिजे'. मी मराठीत मांडते आहे, पुस्तक इंग्रजीत होतं.

"हे काय रे? पोराटोरांचं पुस्तक?"

"लाईट नॉव्हेल म्हणतात ताई. जपानी असतं. हे भाषांतर आहे," सोमनाथ म्हणाला. चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

मग त्यानं मला समजावून सांगितलं. एवढ्या उत्साहानं त्यानं राज्यघटना कुणाला समजावली असती तर एव्हाना त्याचा क्लास निघाला असता. म्हणे, तिकडं कितीतरी जण ह्या गोष्टी आधी इंटरनेटवर रोज थोड्या थोड्या लिहितात. लेखक म्हणजे कुणी मोठा माणूस नसतो. नोकरी करून घरी आलेला, घरात बसलेला, कुणीही. लोकांना गोष्ट आवडली की प्रकाशक तिचं पुस्तक काढतो, मध्ये चार-सहा चित्रं टाकतो, आणि मग भागामागून भाग. परिच्छेद एकेका ओळीचे, बाकी नुसती बोलणी. ह्या गोष्टीतला नायक टोकियोतला कारकून. सहाव्या पानावर तो ट्रकखाली जातो आणि सातव्या पानावर दुसऱ्या जगात डोळे उघडतो. तिथं राक्षस, राजकन्या, जादू, सगळं असतं. आणि इकडं ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्याच्यावाचून तिकडं कुणाचं पान हलत नाही.

"ह्यात साहित्यमूल्य काय?" मी विचारलं. एम.ए. झालेल्या माणसाला हे विचारावंच लागतं.

तो वाद घालत बसला नाही. पहिला भाग माझ्या हातात ठेवून वर निघून गेला. मी तो चुका काढायलाच वाचायला घेतला. दोन दिवसांनी दुसरा मागितला. तिसऱ्याच्या वेळी एका गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची नुसती मागची बाजू छापली. नाक मुरडत मुरडतच मी पाचव्या भागापर्यंत पोचले. त्या पहारेकऱ्याला काही होऊन दाखवायचं नव्हतं. त्याला कुणी टक्के विचारत नव्हतं, शेजारच्याचा मुलगा कुठं लागला ते सांगत नव्हतं. तो आळशी होता आणि त्याबद्दल पुस्तक त्याला रागवत नव्हतं. असं मराठी पुस्तक माझ्या तरी वाचनात आलं नव्हतं, आमची पुस्तकं वाचकाला निदान एकदा तरी रागवतातच.

वर दर रविवारी कुणीतरी साहेब प्रेरणा द्यायला यायचे. प्रत्येकाची गोष्ट तीच: मी पत्र्याच्या खोलीत राहायचो, अर्धपोटी अभ्यास केला, एक दिवस निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी दारात गाडी, बंगला, शिपाई. टाळ्या. एकदा मागच्या रांगेत सोमनाथ माझ्या कानाशी लागला.

"ताई, हे पण तेच आहे बघा. जुना माणूस मरतो आणि दुसऱ्या जगात जन्म घेतो. फक्त ह्यांच्यात ट्रक नसतो."

मी एवढ्या जोरात हसले की साहेब बोलायचे थांबले. त्या दिवसापासून मला रविवारी वर जायला बंदी आहे.

गेल्या जूनमध्ये एका दुपारी सोनाजी स्वतः आले. दुसऱ्या दिवशी गावात गुणगौरव होता आणि भावी साहेबांना न्यायला वडीलच आले होते. वर बोलायला मनाई, म्हणून मी त्यांना दुकानात स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सोमनाथला हाक मारली. पहारेकऱ्याचा पहिला भाग माझ्या काउंटरवर उघडाच पडलेला होता. सोनाजींनी तो उचलला, चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्येच वाचतोस व्हय रं तू?"

"व्हय दादा," सोमनाथ म्हणाला. आणि वर जोडलं, "जपानचा इतिहास हाय."

मी घाईघाईनं मशीनमध्ये कागद भरायला लागले.

"मंग वाच की जरा. अकरा वर्सं झाली, तू काय वाचतो त्ये म्या एकदा बी ऐकलं नाय."

आता पळायला वाट नव्हती. सोमनाथ खाली बसला आणि इंग्रजी ओळींचं मराठी करत करत वाचायला लागला. आधी घाबरत, मग रंगात येऊन. शाळेचं तोंड न पाहिलेले सोनाजी कान देऊन ऐकत होते. ट्रक आला तेव्हा "आरारारा" म्हणाले. दुसऱ्या जगात एक अजस्र जनावर राजवाड्यावर चालून येतं आणि सगळं सैन्य पळतं, तिथं त्यांनी हात वर करून वाचन थांबवलं.

"भुकेलं आसंल त्ये. जनावर उगं कामून अंगावर यील?"

पुढच्याच पानावर पहारेकरी आपला डबा त्या जनावरापुढं ठेवतो आणि ते शेपूट हलवतं. सोनाजींनी मांडीवर थाप मारली. "बग! म्या सांगितलं का नाय? लई भारी लिवलंय!" इतकं निखळ कौतुक करणारा वाचक मी एम.ए.च्या वर्गात एकही पाहिला नव्हता.

अर्धा तास असा गेला. मग त्यांनी पुन्हा हात वर केला.

"सोमनाथ, त्यो ट्रकखाली गेला, तव्हा त्याचे मायबाप जित्ते व्हते का?"

सोमनाथनं मागची पानं चाळली. "व्हते. गावाकडं राहायचे. माय फोन करायची त्याला."

"मंग त्यांला कुनी सांगितलं का?"

"काय?"

"ह्येच, का त्यो आता येत नाय म्हून. त्ये बसले आसतील की वाट बघत." त्यांनी पुस्तकाकडं बोट केलं. "किती भाग हायेत ह्याचे?"

"अकरा."

"मंग कंच्या भागात सांगतो त्यो?"

मी पाच भाग वाचले होते. हा प्रश्न माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता, आणि साहित्यमूल्य विचारायला मात्र मी पुढं होते. लाज वाटली मला.

सोमनाथनं पुस्तक मिटलं. "कुठल्याच नाय, दादा."

मग म्हणाला, "त्यानं नाय सांगितलं. म्या बी नाय सांगितलं. चार वर्सं झाली दादा, म्या परीक्षेला बसलोच नाय. फॉर्मच भरला नाय."

आता म्हातारा शिव्या घालणार, नाहीतर कपाळावर हात मारून घेणार, असं मला वाटलं. सोनाजींनी दोन्हीतलं काही केलं नाही. गुडघ्यावर हात टेकून ते हळूहळू उठले.

"चल."

"कुठं?"

"घरी. तुज्या मायला म्या नाय सांगनार. तूच सांगायचं."

"ती रडंल दादा."

"रडू दी की," सोनाजी म्हणाले. "वाट बघन्यापरीस रडलेलं बरं."