घंटीची दोरी

इंजिन बंद असलेल्या ट्रकमध्ये बसून लांबचा प्रवास करणं कसं असतं, ते आधी सांगितलं पाहिजे. स्टिअरिंग आपल्या हातात असतं, रस्ता समोरून येत असतो, पण गाडी आपण चालवत नसतो. इंजिनाचा आवाज नाही, हादरे नाहीत. शेतातल्या बाया एकमेकींशी काय बोलतात ते ऐकू येतं. पाटाचं पाणी ऐकू येतं. आपण बसल्या जागी तरंगत घराकडे निघालोय असं वाटतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही नगरकडच्या एका लिलावात लष्कराने काढून टाकलेला ट्रक घेतला. पारोळ्याला आमची शेती. कापूस आणि केळी वाहायला घरचं वाहन असावं, ही माझी हौस. इंजिन जाम झालेलं होतं, पण सांगाडा दणकट होता. जळगावला दुसरं इंजिन बसवून मिळणार होतं. तोवर ट्रक ओढूनच न्यायचा होता.

ओढायला नाना आला. नाना म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर तो पगारी ड्रायव्हर होता. नगरला माल उतरवून त्याची गाडी रिकामी परतणार होती, म्हणून मालकाला विचारून त्याने आमचा ट्रक टोचन केला. टोचन म्हणजे दोन गाड्यांमध्ये लोखंडी दांडा अडकवून मागची ओढत नेणं. मागच्या गाडीतल्याने स्टिअरिंग सांभाळायचं आणि उतार आला की ब्रेक धरायचा. मागची गाडी धरली नाही, तर ती पुढच्या गाडीला ढकलत नेते. आमच्या ट्रकचं इंजिन बंद, त्यामुळे पायाच्या ब्रेकमध्ये जोर नव्हता. सगळा भरवसा हातब्रेकवर.

बॅटरी नव्हती, म्हणून हॉर्नही नव्हता. मग नानाने युक्ती केली. आमच्या मेलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटा त्याने घरूनच आणली होती. ती त्याने आपल्या केबिनमध्ये टांगली, तिला सुतळी बांधली आणि सुतळीचं टोक माझ्या खिडकीच्या दांडीला आणून बांधलं. एकदा ओढली तर हळू, दोनदा ओढली तर थांब.

निघालो आणि लगेच घंटा वाजायला लागली. खड्डा आला की दोरी ताणायची आणि घंटा वाजायची. नाना थांबायचा, मला झोप लागली असेल म्हणून उतरून मागे यायचा.

"का रे, जपी गया व्हता का?"

"नही नाना, खड्डा व्हता. घंटी आपोआप वाजनी."

"मंग खड्डासले सांग, दोरी वढू नका म्हनीसन."

असं पुन्हा पुन्हा झालं, तेव्हा मी दोरी सोडून ठेवली. घाटाआधी बांधू, असं ठरवलं. नानाला त्रास नको हे एक कारण. दुसरं कारण मी कधी कुणाला सांगितलं नाही. मला थांबायचं नव्हतं. ती शांतता मोडावी असं वाटत नव्हतं.

हिवाळ्याचे दिवस होते. केबिनमध्ये ताडपत्रीचा आणि जुन्या तेलाचा वास होता. दाराच्या आतल्या बाजूला कुण्या जवानाने खिळ्याने घर कोरलं होतं. उतरतं छप्पर, शेजारी दोन झाडं. ते कुठल्या मुलखातलं असेल याचा विचार करत मी बसायचो. हिरवा ट्रक पाहून शाळेची पोरं रस्त्याच्या कडेला सलाम ठोकायची. मीही ठोकायचो. म्हातारे बैलगाडी बाजूला घ्यायचे. मी कोण, कुठला, हे माझं मलाच धूसर झालं होतं. सिल्लोड गेलं, अजिंठा गाव गेलं, ज्वारीच्या कणसांवर ऊन उतरलं होतं. घाट लागला तो मला कळलाच नाही. रस्ता फक्त जास्त मऊ झाल्यासारखा वाटला.

मग दांडा कडकडला. मी हातब्रेक ओढला. तो थोडा धरला, तापला, सुटला. दोरीकडे हात नेला. खिडकीत दोरी नव्हती, पायाशी पडली होती.

नानाला मागून धक्के बसत होते. दरीची बाजू सोडून त्याने आपली गाडी डोंगरात घातली. दोन्ही गाड्या थांबल्या. नाना लंगडत माझ्याकडे येईपर्यंत मी खाली वाकलो आणि दोरीचं टोक खिडकीच्या दांडीला बांधलं. गाठ नीट बसली.

"तू घंटी वाजाडी नही का?"

"वाजाडी ना. दोनदा वाजाडी."

नाना दोरीकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या कानाला हात लावला.

"माले ऐकू नही उनी," तो म्हणाला.

दुसरी गाडी बोलावून आम्ही ट्रक पहूरमार्गे जळगावला नेला आणि इंजिन बसवून घरी आणला. पारोळ्यात आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. नानाच्या मालकाने त्याला कामावर ठेवलं असतं, पण नानानेच किल्ली परत केली. ज्याला घंटा ऐकू येत नाही त्याने गाडी चालवू नये, असं त्याचं म्हणणं. नंतर तो केळीच्या वखारीत वजनकाट्यावर बसला. आमच्या घरात सगळे त्याच्याशी मोठ्याने बोलू लागले. लग्नात, मयतीला, सणाला, सगळीकडे. मीही.

तो ट्रक आम्ही बरीच वर्षं वापरला. रंग बदलला, दारावरचं घर तसंच ठेवलं.

नाना आता पिंप्राळ्याला मुलाकडे असतो. मागच्या महिन्यात गेलो. तो ओट्यावर पाठमोरा बसला होता, शेंगा सोलत. मी दोन हात मागे थांबलो आणि नेहमीसारखा न ओरडता, हळू आवाजात सगळं सांगितलं. दोरी सोडल्याचं, मग बांधल्याचं.

सोलणारे हात थांबले.

"मंग घंटी वाजनीच नही?" त्याने मागे न बघता विचारलं.

"नही, नाना."

"परत सांग."

मी परत सांगितलं, आणखी हळू.

मला वाटलं शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात सून दारात आली आणि सवयीने ओरडली, "नाना, चहा ठेवू का?"

"वरडू नको, बेटा," नाना म्हणाला. "माले ऐकू येस."

ती माझ्याकडे बघू लागली. मी मान खाली घातली. नानाने पुढची शेंग उचलली, कानाजवळ नेली आणि फोडली.