दोघांना विचारणारी आत्या

एका शुक्रवारी डॉक्टरांनी आत्याला बाहेर बसवलं आणि बाबांना आत बोलावलं. बाहेर आल्यावर बाबा तिला म्हणाले, "पित्त आहे, ताई." घरी आल्यावर आई-बाबांनी आणि मी असं ठरवलं की आत्याला खरं सांगायचं नाही. खोटं कोणतं सांगायचं, हे मात्र ठरवायचं राहून गेलं.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ही चूक खपली असती. आत्याचा जगावर विश्वास नव्हता. कुठेही पत्ता विचारायचा झाला की ती एका माणसाला विचारायची, त्याचे आभार मानायची आणि तो वळला की दुसऱ्याला विचारायची. दोघांचं जुळलं तरच पाऊल उचलायची. "एकटा माणूस चुकतो. दोघं आधी ठरवल्याशिवाय सारखं चुकत नाहीत," असं तिचं म्हणणं. कलिंगडवाला, रिक्षावाला, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा, यातून कुणी सुटला नाही. मला सांगून आलेल्या एका मुलाला तिने बैठकीत पगार विचारला आणि मग जिन्यात त्याच्या मामालाही विचारला. आकडे जुळले नाहीत. मी तिची अजून ऋणी आहे.

घराबाहेर मुक्काम करणं तिला मान्यच नव्हतं. वसईच्या खाडीतल्या एका बेटावर तंबू ठोकून राहता येतं, स्वस्तात होतं, स्वतःची गाडीही लागत नाही, असं मी तिला कितीदा सांगितलं असेल. "घर असताना उघड्यावर झोपायला मला काय वेड लागलंय?" एवढं एकच उत्तर. त्या शुक्रवारानंतर थोड्याच दिवसांत तीच म्हणाली, "तुझ्या त्या बेटावर जाऊ या. दोघीच."

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "वन्संना कुणी काही बोललं का गं?"

"नाही."

"मग हे बेट कुठून निघालं मधेच?"

मलाही ते कळत नव्हतं.

तंबू मैत्रिणीकडून मागून आणला. कोपर स्टेशनवरून वसईची गाडी, पुढे शेअर रिक्षा, मग होडी. आत्याने घरचं पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक कुलूप बरोबर घेतलं होतं. तंबूला कडी नसते म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू चोराला मीच बोलावलं होतं.

होडीत बसल्याबसल्या तिने होडीवाल्याला विचारलं, "उद्या परत कधी सोडणार?"

"पाणी चढलं की सोडतो, बाय."

तंबू त्याच्याच अंगणात ठोकायचा होता. तिथे त्याची बायको मार्था भेटली. आत्याने तिला बाजूला घेतलं. "तुमचे यजमान सकाळी होडी कधी काढतात?"

मार्था हसली. "पाणी चढलं की. त्याच्या आधी होडी चिखलात. काय बाय, आमच्यावर भरोसा नाय?"

"आहे ना," आत्या म्हणाली. "आता आहे."

उन्हं उतरली तेव्हा ओहोटी लागली होती. खाडीचा चिखल उघडा पडत चालला होता. मार्था आत चूल पेटवत होती आणि आम्ही तंबूसमोर दशम्या खात बसलो होतो. आत्या समोर बघतच बोलली.

"तुझा बाप म्हणतो पित्त. तुझी आई म्हणते अल्सर. आणि परवा फोनवर तू कुणाला तरी सांगत होतीस, आत्याला अशक्तपणा आलाय."

मी चटणी तिच्या पुढ्यात सरकवली.

"घरी एकाला विचारलं असतं, तर उठून दुसऱ्याला विचारलं असतं. मला राहवलं नसतं. म्हणून इथे आले. इथे विचारायला दुसरं कुणी नाही. तू सांगशील ते मी खरं धरणार आहे. सांग."

मी सांगितलं. कॅन्सर आहे, पसरलाय, ऑपरेशन करता येणार नाही. हातातली दशमी तिने डब्यात ठेवली, झाकण लावलं, ते लागलं की नाही हे दाबून पाहिलं.

"वाटलंच होतं," ती म्हणाली. "माझ्या पित्तासाठी तुझा बाप मोरीत जाऊन रडायचा नाही." आणि डबा पिशवीत घालताना, "घरी बोलू नकोस हो. तुझ्या आईला खोटं बोलायची सवय नाही. किती कष्टाने बोलते बिचारी. ते वाया नको जायला."

घरी परतल्यावर आत्या एकदम भोळी झाली. समोर येईल ती गोळी नाव न वाचता घेऊ लागली. दुधाच्या पिशवीवरची तारीख बघेना. शेवटी आईलाच राहवेना. "वन्सं हल्ली काहीच विचारत नाहीत गं. मला संशय येतोय."

"बेटावरची हवा मानवली असेल," मी म्हणाले. आतल्या खोलीत आत्या मुद्दाम मोठ्याने खोकली.

दिवाळीच्या आधी ती गेली. भेटायला येणाऱ्यांना आई अजून सांगते, "शेवटपर्यंत कळू दिलं नाही आम्ही त्यांना." तिला त्याचं समाधान आहे. एकदा भाजी निवडताना तिने मला विचारलं, "खरं सांग, वन्संना कळलं होतं का?" मी नाही म्हणाले. काही दिवसांनी, आई देवळात गेली असताना, बाबांनी तेच विचारलं. त्यांनाही मी नाहीच म्हणाले.

तंबू मैत्रिणीला परत दिला. कुलूप माझ्या कपाटात आहे. आता आमच्या घरात कुणी काही दोनदा विचारत नाही.